यादोमामाजींची तिसरी गाय

सकाळी मी चहाचं आधण ठेवलं की आमच्या मागच्या भिंतीवर एक डोकं उगवतं. आधी कानटोपी, मग पांढऱ्या मिशा, मग तोंडातली कडुलिंबाची काडी. रामराम नाही, 'झोप झाली का' नाही. काडी बाजूला सरकवून डोकं एवढंच विचारतं, "निरा का पिवरा?"

माझी आई यवतमाळहून पहिल्यांदा राहायला आली, तेव्हा नेमकी ती खिडकीशी उभी होती. तिनं झटक्यात पदर सावरला आणि मला आत ओढून म्हणाली, "काय गं, तुमच्या गावात शेजारची माणसं सकाळी सकाळी लुगड्याचा रंग विचारतात?"

प्रश्न लुगड्याचा नसतो, जाळाचा असतो. आमच्या झाडीपट्टीत निळ्याला निरा म्हणतात आणि पिवळ्याला पिवरा. भिंतीपलीकडे यादोमामाजींचा गोबरगॅस आहे. दोन माणसांच्या घराला तो जास्त होतो, म्हणून त्याची एक नळी भिंतीवरून आमच्या सयपाकघरात आली आहे. नळीच्या टोकाची शेगडी निळी जळते की पिवळी, हे कळल्याशिवाय मामाजींच्या घशाखाली चहा उतरत नाही.

"निळा आहे, मामाजी," म्हटलं की डोकं मावळतं. पण "आज जरा पिवळा वाटतो" म्हटलं, की संपलं. पाना, तारेचा तुकडा आणि फडकं घेऊन ते आमच्या अंगणात हजर. नळीत पाणी साचलं का बघतील, शेगडीची भोकं तारेनं टोकरतील, नाक लावून हुंगतील. माझं आधण तिकडे थंड होत असतं. शेवटी मान हलवून निदान सांगतात, "पिवरा जाळ म्हंजे तिची तब्येत बरी नाही."

ती म्हणजे टाकी. परसात एक गोल बांधीव विहीर आहे, शेणकाल्यानं भरलेली, आणि तिच्यावर लोखंडाची मोठी टाकी पालथी घातली आहे. आत वायू धरला की टाकी वर उचलली जाते, गॅस जळला की खाली बसते. एवढीच ती गोष्ट. पण मामाजींच्या गोठ्यात दोन गाई आहेत आणि तुमच्याकडे जनावरं किती असं कोणी विचारलं, तर ते तीन सांगतात. जनावरांची नोंद करायला आलेल्या माणसालाही त्यांनी तीनच सांगितली होती. तो बिचारा तिसरी गाय शोधत परसात फिरला आणि मामाजींनी त्याला टाकीपाशी नेऊन उभं केलं.

"तिले भूक लागते, ऊन लागते, थंडी लागते," ते म्हणाले. "दोन वेळा खाते, दिवसभर रवंथ करते. मंग गाय नाही तं का आहे जी?"

"दूध देते का?" त्यानं विचारलं.

"दूध तापवून देते," मामाजी म्हणाले.

मी त्यांना मामाजी म्हणते कारण आमच्याकडे सासऱ्यांना मामाजी म्हणतात, आणि सासऱ्यांच्या वयाच्या शेजाऱ्यांनाही. वय सत्तरीच्या घरात. गुडघे गेलेले, आवाज मात्र शाबूत. त्यांच्या घराण्यानं पूर्वी गावचा तलाव बांधला म्हणतात आणि त्याची पाळ पिढ्यान्‌पिढ्या राखली. तो वारसा मामाजींनी शेणाच्या विहिरीपर्यंत आणून पोचवला, असं आमचे हे चेष्टेनं म्हणतात. मामाजींनाही ते आवडतं. "पानी राख नाही तं शेन राख, राखनदार तं पाहिजेच ना," असं त्यांचं उत्तर.

दोन गाईंच्या शेणावर तिसरीचं पोट भरत नाही. म्हणून सकाळी त्यांची स्वारी घमेलं घेऊन आखरावर निघते. आखर म्हणजे गावची गुरं रानात चरायला जाण्याआधी जिथं जमतात ती जागा. तिथं शेण वेचण्याचा एक जुना कायदा आहे. ज्यानं शेणाच्या पोवट्यावर आधी पळसाचं पान ठेवून वर खडा ठेवला, त्याचा तो पोवटा. मग तो दुपारी उचलला तरी चालेल, दुसरा कोणी हात लावणार नाही. पूर्वी हा कायदा गोवऱ्या थापणाऱ्या बायकांपुरता होता. मामाजी त्यात उतरले आणि सगळा समतोल बिघडला. ते पानांचा गठ्ठा काखेत घेऊनच जातात. गाय शेपूट उचलायच्या बेतात आहे, एवढ्यावरून ते पान घेऊन तिच्या मागे उभे राहतात.

"मामाजी, अजून पडलं नाही!" बायका ओरडतात.

"पडन ना वो! ती का उधार ठेवनार आहे?"

सरपंचांच्या बायकोशी एकदा त्यांचं यावरून चांगलंच वाजलं. तिचं म्हणणं, गाय माझी, म्हणून शेणही माझं. मामाजींचं म्हणणं, गाय तुझी, पण पान माझं. अर्धं गाव आखरावर जमलं होतं. शेवटी गुराख्यानं निवाडा दिला की पानच खरं, नाहीतर उद्या आखरावर कायदाच राहायचा नाही. सरपंचबाई आठ दिवस आमच्या गल्लीतून गेल्या नाहीत. पुढे त्यांच्याच परसातल्या वांग्यांना मामाजींनी टाकीतून निघालेला काला आणून घातला. मामाजी त्या काल्याला रबडी म्हणतात, आणि ती शेतात घालताना चेहराही रबडी वाढणाऱ्याचाच असतो. वांगी अशी धरली की सरपंचबाई स्वतः टोपली घेऊन भेटायला आल्या.

"भुईले आधी खाऊ घाला, मंग तिले मागा," हे मामाजींचं आवडतं वाक्य. धान कापून झाल्यावर आताशा लोक बांध्यांतलं तणस, म्हणजे खाचरांतला भाताचा पेंढा, तिथंच पेटवून देतात. मशीननं कापलेलं ते पसरलेलं तणस गोळा कोण करणार? संध्याकाळी धुराचे लोट दिसले की मामाजी शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, जाऊन उभे राहतात. शिव्या देत नाहीत. नुसतं विचारतात, "काऊन जी, कोनाचा घास जाळून राहिले?" दोन-चार जणांनी केवळ या प्रश्नाला कंटाळून तणस जाळायचं सोडलं आहे, आणि मला वाटतं, गावाच्या हवेवर हे त्यांचे फार मोठे उपकार आहेत.

चुका त्यांनीही केल्या. एका लग्नात उरलेला मसालेभात आणि बुंदी फेकायला निघाले होते. मामाजींनी ती सगळी ड्रमात भरून आणली. एवढं अन्न, वाया कशाला घालवायचं? त्यांनी ते तिसऱ्या गाईला चारलं. पहिल्या दिवशी टाकी अशी टुम्म फुगली की मामाजी गावभर सांगत सुटले. दुसऱ्या दिवसापासून जाळ बंद. आंबूस वास असा सुटला की आम्ही खिडक्या लावून जेवलो.

"अजीर्न झाला तिले," मामाजी टाकीशेजारी खाटेवर बसून म्हणाले. "लगनाचा जेवन, मान्साले नाही पचत."

मग पथ्य सुरू झालं. शेण थोडं थोडं, पाणी कोमट, आणि औषध म्हणून चुन्याची निवळी. येणारा-जाणारा विचारायचा, कसं आहे आता? तेही गंभीरपणे सांगायचे, कालच्यापेक्षा बरं आहे. जाळ परत निळा झाला त्या दिवशी त्यांनी आम्हाला गूळ वाटला.

पण गावात त्यांचं नाव झालं ते गायगोधनाच्या वेळी. दिवाळीत पाडव्याला गाई सजवून आखरावर आणतात, शेणाचं गोधन मांडून पुजतात आणि त्यावरून गाई चालवतात. मग लहानथोर त्या शेणाचा टिळा लावतात. त्या वर्षी दुसऱ्या दिवशी सकाळी पाहतात तर गोधन जागेवर नाही. गाव हादरलं. अपशकुन झाला, बाहेरचं कोणी करून गेलं, अशी कुजबुज सुरू झाली. तेवढ्यात कोणाला तरी आखरापासून मामाजींच्या दारापर्यंत सांडलेल्या शेणाची रेघ दिसली. ती सरळ परसात गेली होती.

म्हाताऱ्या माणसांनी त्यांना चावडीवर बोलावलं. मी भिंतीआडून ऐकत होते, कारण आमचे हेही तिथं होते आणि मला काळजी वाटत होती. मामाजी शांतपणे म्हणाले, "देवापुढचा नारळ तुमी फोडून खाता का नाही जी? तो परसाद. मंग गोधनाचा परसाद माह्या गाईनं खाल्ला, तं कोनता पाप झाला? तिले का तुमी पंगतीत बसवनार नाही?"

मग एक आजोबा म्हणाले, "बोलते तं बराबर." त्या दिवशी संध्याकाळी मामाजींनी गोधनाच्या गॅसवर सगळ्या मोहल्ल्याला चहा पाजला. तेव्हापासून दरवर्षी पूजा झाली की गोधन बैलबंडीत घालून डफल्या वाजवत त्यांच्या परसात नेतात. आता तो रिवाजच झाला आहे, आणि लहान मुलांना वाटतं की तो पूर्वापार आहे.

हे सगळं वाचून तुम्हाला वाटेल, माणूस जन्माचा छांदिष्ट. तसं नाही. बायको होती तोवर मामाजी चारचौघांसारखे होते. शेती करायचे, दिवाळीनंतर गावोगाव मंडईची जत्रा भरते, तेव्हा रात्रभर नाटकं बघायचे. ती गेली आणि ते ओसरीवर भिंतीकडे तोंड करून बसले. एक मुलगा पुण्याला, एक रायपूरला. दोघांनी नेऊन पाहिलं, पण ते दोन्हीकडून परत आले आणि त्याच जागेवर बसले. शेती ठेक्यानं दिली. आमचे हे रोज जाऊन बसायचे. तासाभरानं उठायचे, तरी कोणी आलं होतं हे मामाजींना कळलेलं नसायचं. हा माणूस आता उन्हाळा काढत नाही, असं आम्ही घरात बोललो होतो.

मग केशोरीहून त्यांची मोठी बहीण आली. सगुणाबाई. विधवा, मूलबाळ नाही, अंगानं काटक, हातात एक लोखंडी पेटी. भावाचं घर सांभाळायला आल्या आणि पहिल्याच दिवशी सयपाकघरातून त्यांची किंकाळी आली. आम्ही धावलो. सगुणाबाई दाराशी थरथरत उभ्या आणि बोट सिलिंडरकडे.

"हा बम माह्या डोक्याशी नोको! एक तं हा राहीन या घरात, नाही तं मी!"

त्यांना समजावण्याचा सगळ्यांनी प्रयत्न केला. त्या चुलीपाशी बसल्या, ओली लाकडं पेटवली आणि धुरात खोकू लागल्या. तेव्हा भिंतीकडे तोंड करून बसलेला माणूस उठला. कित्येक महिन्यांत पहिल्यांदा आपणहून उठला. सिलिंडर त्यांनी आमच्या घरी आणून ठेवला. परसात बेशरमच्या झुडपांत एक जुनी बंद पडलेली टाकी होती, तिच्याकडे ते बराच वेळ बघत राहिले. दुसऱ्या दिवशी झुडपं तोडली. विहीर उपसली. अर्जुनीकडच्या एका चालू गोबरगॅसमधून बादलीभर काला आणला, दह्याला विरजण लावतात तसा तो शेणात मिसळला आणि वाट बघत बसले. जाळ पेटला त्या दिवशी पहिल्यांदा आमच्या भिंतीवर ते डोकं उगवलं.

बहिणीच्या डोळ्यांत धूर जाऊ नये आणि तिला भीतीही वाटू नये, एवढ्यासाठी या वयात शेणामागे गावभर हिंडणारा भाऊ मी दुसरा पाहिलेला नाही. आमच्या ह्यांना बहिणी आहेत, म्हणून सांगते.

या हिवाळ्यात टाकी वर येईना. मामाजींनी आधी थंडीला दोष दिला आणि तिला तणसाचं पांघरूण घातलं. मग गाईंच्या चाऱ्याला दोष दिला. शेवटी साबणाचा फेस लावून पाहिला, तर टाकीच्या माथ्यावर ठिकठिकाणी बुडबुडे. लोखंड गंजून भोकं पडली होती. त्यांनी सायकलच्या ट्यूबचे तुकडे चिकटवले, डांबर फासलं, खिडकीच्या काचेला लावतात ती लांबी थापली. एक भोक बुजवलं की शेजारी दुसरं हजर. घरी शेगडी बंद, आमच्याकडेही बंद. सगुणाबाई परत चुलीपाशी.

पुण्याच्या मुलाचा, राजूचा, फोन आला. मामाजी फोन नेहमी मोठ्या आवाजावर ठेवतात, त्यामुळे आम्हीही ऐकला. "बाबा, आता पुरे करा. टाकी भंगारात द्या. गुडघे बघा तुमचे. संक्रांतीला येतो, भंगारवाल्याला सांगूनच येतो. आत्याला सिलिंडरची सवय मी लावतो. जागा मोकळी झाली की गाडीही उभी राहील."

पोरगं काही वाईट बोललं नव्हतं. मामाजी म्हणाले, "हो." फोन ठेवला आणि ओसरीवर जाऊन बसले, भिंतीकडे तोंड करून.

दुसऱ्या दिवशी भिंतीवर डोकं उगवलं नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. मी सिलिंडरवर चहा करत होते आणि सारखी खिडकीतून बघत होते. गोठ्यातलं शेण तसंच पडलेलं. आणि पलीकडून सगुणाबाईंचा खोकला, असा जोरजोरात की आतडं पिळवटावं. मला राहवेना. मी विचार केला, मामाजींच्या जिवाला घोर आहे तो बहिणीचा. तिची भीती घालवली तर घोर संपेल, आणि तेही सुटतील. टाकी गेली तर गेली. माणूस तर भिंतीपासून हलेल.

दुपारी मामाजी गाईंना पाणी दाखवायला तलावाकडे गेलेले पाहून मी छोटा सिलिंडर आणि शेगडी उचलली आणि त्यांच्या सयपाकघरात गेले.

"बाई," मी म्हटलं, "घाबरू नका. मी हळूहळू दाखवते. हे असं धरायचं, हे असं..."

माझा रेग्युलेटर बसेना. मी दाबते, फिरवते, तो तिरपाच. सगुणाबाई चुलीपाशी बसून माझ्याकडे बघत होत्या. मग त्या उठल्या. "सर," म्हणाल्या. एका हातानं रेग्युलेटर घेतला, कट्‌कन बसवला, नळी ओढून पाहिली, जोडापाशी नाक नेऊन वास घेतला, शेगडी पेटवली, मोठी केली, बारीक केली आणि बंद केली.

मी बघतच राहिले. "बाई, तुम्हाला येतं?"

"न यायले का झाला? केशोरीले मी सिलिंडरवरच रांधत होती. एक सरला तं दुसरा तयार राहे."

"मामाजींना माहीत नाही?"

"भाऊबीजेले आला तं ओसरीवर बसून जेवून जाये. बहिनीच्या सयपाकघरात कोनता भाऊ डोकावते वो?"

"मग ती किंकाळी? तो बम?"

सगुणाबाईंनी एकदा दाराकडे पाहिलं. "यादो भिंतीकडं तोंड करून बसला होता. जेव म्हटला तं जेवे, झोप म्हटला तं झोपे. मी धडधाकट, सगरा माह्या हातानं करनारी. मले पाहून तो कायले उठन? मान्साले कोनाची तरी गरज पडाव लागते, तवा तो उठते. म्हनून मी भेली."

मी चुलीकडे पाहिलं. "आणि हा खोकला?"

"त्याले ऐकू जावा म्हनून खोकलून राहिली. आज नाही उठला, उद्या अजून खोकलीन."

"आणि तरी नाही उठले तर?"

त्यांनी शेगडीवरून बोट फिरवलं. त्या काटक म्हातारीचा चेहरा पहिल्यांदाच मला उतरलेला दिसला. "तं मंग खरंच भ्यायची पारी आली," त्या म्हणाल्या.

तेवढ्यात अंगणात गाईंच्या गळ्यातली लाकडी घंटी वाजली. सगुणाबाईंनी रेग्युलेटर काढून माझ्या हातात कोंबला, मागे भिंतीला जाऊन टेकल्या, पदर तोंडावर घेतला आणि अशी किंकाळी फोडली की मीच दचकले.

"यादो! धाव रे! हे सुनबाई मले मारून राहिली रे बा!"

मामाजी दारात आले. माझ्या हातात रेग्युलेटर, पुढ्यात सिलिंडर, बाई भिंतीशी थरथरताहेत. मामाजी माझ्यावर आजवर कधी आवाज चढवून बोलले नव्हते. त्या दिवशी मनसोक्त बोलले. "तुले अक्कल आहे का? शिकली-सवरली ना तू? म्हातारीले भेव वाटते हे ठाऊक आहे ना तुले? तिचा जीव जाता तं?" मी मान खाली घालून सगळं ऐकून घेतलं. इतक्या आनंदानं बोलणी मी माहेरीही खाल्ली नाहीत.

मग त्यांनी सिलिंडर स्वतः उचलला. कण्हत, दोन ठिकाणी थांबत, तो आमच्या अंगणात आणून ठेवला. धाप लागली होती, पण डोळे जागे होते. खिशातला फोन काढून माझ्यापुढे धरला. "ट्रॅक्टरवाल्याले लावून दे. उद्या टाकी अर्जुनीले नेतो, पत्रा मारून आनतो. आन पुन्याले पन लाव. सांगतो त्याले, गाडी रस्त्यावर ठेव म्हना."

मी नंबर लावू लागले. ते पायरीवर बसले आणि जरा खालच्या आवाजात, मला समजावल्यासारखं म्हणाले, "राजू लहान आहे, त्याले नाही समजत. तुले तं समजते ना? तिले नवरा नाही, लेकरू नाही. तिचा माह्याशिवाय कोन आहे, सांग."

"कोणी नाही, मामाजी," मी म्हटलं.

भिंतीपलीकडून खोकल्याचा आवाज आला, तसे ते गुडघ्यावर हात टेकून उठले आणि फोन माझ्याच हातात ठेवून घाईनं घराकडे निघाले.